माघारीची दुपार

१

उदगीरच्या मोंढ्यामागच्या गल्लीत बसलिंगप्पांचं धान्याचं गोदाम आहे. पुढे शटर, आत तुरीच्या आणि हरभऱ्याच्या पोत्यांच्या थप्प्या, आणि अगदी मागे, वेगळ्या दाराची एक लहान खोली. हंगामात मुनीम तिथे झोपतो, एरवी ती रिकामीच असते. त्या खोलीतल्या बाजेवर सिद्रामप्पा वाडकर मरून पडले होते.

सहायक पोलीस निरीक्षक तनुजा घोणसे आत आली तेव्हा खोलीत लसणासारखा उग्र वास भरलेला होता. जमिनीवर एक पाल उताणी पडली होती. खिडकीच्या फळीवर दोन चिमण्या मेलेल्या होत्या.

"गोळ्यांचा वास हाय, म्याडम," बसलिंगप्पा दारातूनच म्हणाले. साठीचा, भस्माचे पट्टे ओढलेला भला थोरला माणूस, पण उंबरा ओलांडून आत येत नव्हता. "मालाला कीड लागू नये म्हून काल सकाळी गोदामात गोळ्या ठेवल्या. वास मधल्या भिंतीच्या फटीतून इकडं आला असंल. पन अप्पा इथं कसे? ते तर कालच गेल्ते!"

सिद्रामप्पा कोण, हे तनुजाला सांगावं लागलं नाही. सगळा मतदारसंघ त्यांनाच शोधत होता. विधानसभेचं वर्ष. नाव नोंदवायची मुदत संपली, अर्ज भरायची संपली, छाननी झाली, आणि काल दुपारी तीनला माघारीची मुदत संपली. शिरसमाळचे सिद्रामप्पा अपक्ष उभे होते. त्यांना 'बसवायला' पक्षाचे उमेदवार अमृतराव यांची माणसं गावोगाव फिरत होती, म्हणून ते गायब झाले होते. काल तीन वाजले, माघारीचा अर्ज काही आला नाही, आणि त्यांचं नाव मतदान यंत्रावर कायम झालं. आज ते वाजतगाजत घरी जायचे होते.

अंगावर धुतलेलं धोतर, कडक इस्त्रीचा सदरा, खांद्यावर उपरणं, कपाळावर भस्म. कुठेतरी निघालेला माणूस. तनुजाने त्यांचा उजवा हात उलटा करून पाहिला. मुठीची कड सोलली होती आणि कातडीत हिरव्या रंगाचे कपचे रुतले होते. ती दाराकडे गेली. दाराच्या आतल्या बाजूचा हिरवा रंग छातीच्या उंचीवर खरवडून निघाला होता.

"दार तोडलं का तुम्ही?"

"न्हाई. नुस्तं लोटलेलं व्हतं. हात लावताच उघडलं."

तनुजा दाराकडे बघत राहिली. उघड्या दारावर माणूस बुक्क्या कशाला मारील?

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी कर्णा करकरला आणि एक आवाज आला. जाड, संथ, ओळखीचा.

"नमस्कार. मी सिद्रामप्पा वाडकर बोलून राहिलो. लोक म्हनतील सिद्रामप्पा बसला. सिद्रामप्पा बसलेला न्हाई. मी हाय. तुमच्यापुढंच हाय."

बसलिंगप्पांनी दाराची चौकट घट्ट धरली. बाजेवरचे डोळे अर्धे उघडेच होते.

२

प्रचाराची रिक्षा होती ती. चालवणाऱ्या केरबाला बिचाऱ्याला काही ठाऊक नव्हतं. रेकॉर्डिंग त्याला काल संध्याकाळी मृत्युंजयने दिलं होतं. मृत्युंजय म्हणजे सिद्रामप्पांचा भाचा आणि त्यांचा निवडणूक प्रतिनिधी. मामांना मूलबाळ नव्हतं. आईबाप गेलेला हा पोरगा आणि त्याची धाकटी बहीण सुकन्या त्यांनीच वाढवली होती.

बातमी ऐकून मृत्युंजय आला. तिशीचा, सडसडीत, डोळे रात्रभर जागल्यासारखे लाल. मामांच्या पायांवर डोकं ठेवून तो इतका वेळ तसाच राहिला की शेवटी हवालदाराने त्याला धरून उठवलं.

"शेवटचं कधी पाहिलंस?" तनुजाने बाहेर आल्यावर विचारलं.

"काल संध्याकाळी. दिवसभर ते माझ्या गाडीत लपून व्हते. तीन वाजून गेल्यावर आम्हाला निशाणी मिळाली, शिलाई मशीन. ते सांगितलं तवा मामा लई खूश झाले. पेढा भरवला मला. गाडीतच बसून हे रेकॉर्डिंग करून दिलं. अंधार पडला, मग म्हनले, आज रात्री बसलिंगप्पाकडंच झोपतो, सकाळी गावात जाऊ. म्या गल्लीत सोडलं. गोळ्यांचं आम्हाला काय मालूम?"

बसलिंगप्पांचं म्हणणं त्याच्याशी जुळत होतं. गायब झाल्यापासून सिद्रामप्पा याच खोलीत लपले होते, आणि काल सकाळी आंघोळ, पूजा करून तयार बसले होते. गाडी येऊन राहिली, मी निघालो, असं त्यांनीच सांगितलं. म्हणून बसलिंगप्पांनी गोळ्या ठेवल्या, पुढचं शटर ओढलं आणि ते लातूरच्या बाजारात गेले. मागच्या खोलीला कुलूप नव्हतं, नुसती बाहेरून कडी. रात्री उशिरा परतले, ते थेट घरी.

"तुम्ही त्यांना जाताना पाहिलं?"

"न्हाई," बसलिंगप्पा म्हणाले. तो एकच शब्द उच्चारायला त्यांना फार जड गेला. "मी आधी निघालो."

डॉक्टरांनी हात वर केले. बंद खोली, गॅस, उकाडा. काल दुपारपासून पहाटेपर्यंत कधीही मृत्यू आला असेल. नेमकं सांगता येणार नाही.

म्हणजे अपघात. नकळत परत आलेला माणूस विषारी हवेत झोपला. सगळ्यांनाच हे पटण्यासारखं होतं. फक्त त्या हिरव्या कपच्यांना ते पटत नव्हतं.

३

शिरसमाळला संध्याकाळी समाधी दिली. लिंगायतांच्या रीतीप्रमाणे सिद्रामप्पांना बसवून खड्ड्यात उतरवलं. जंगम मंत्र म्हणत होते. लोकांनी बेलाची पानं आणि भस्म वाहायला सुरुवात केली, आणि तेव्हाच वेशीपलीकडच्या रस्त्यावरून तो आवाज आला.

"सिद्रामप्पा बसलेला न्हाई."

माती टाकायला वाकलेले हात थांबले. एक म्हातारी मोठ्याने रडू लागली. खड्ड्यात मांडी घातलेला तो माणूस, आणि शिवारावरून फिरणारा त्याचा तो धडधाकट आवाज.

"बंद करायला सांग की रे ते," कोणीतरी मृत्युंजयला म्हणालं.

"मामांची शेवटची इच्छा हाय," तो म्हणाला. "प्रचार थांबायच्या दिवसापर्यंत रिक्षा फिरंल."

अमृतरावही मातीला आले होते. लोकांनी त्यांच्याभोवती जागा मोकळी सोडली होती, जशी एखाद्या वाईट वासाभोवती सोडतात. तनुजाने त्यांना बाजूच्या लिंबाखाली गाठलं.

"लोक तुमचं नाव घेताहेत."

"घेऊ द्या." अमृतराव दमलेले दिसत होते. "ताई, हाव, म्या त्यांना बसवायची लई कोशिश केली. माणसं पाठवली. त्यांच्या बायकोच्या पाया पडून आलो. त्यांनी माझीच मतं खाल्ली असती, दुसऱ्या कुणाची न्हाई. पन एक सांगा, मला सिद्रामप्पा जिता पाहिजे का मेलेला? मेलेला माणूस माघार घेत न्हाई."

तनुजाने त्यांच्याकडे निरखून पाहिलं.

"तहसीलीत विचारा. पक्षाचा उमेदवार मेला असता तर मतदान पुढं गेलं असतं. अपक्ष मेला तर काही थांबत न्हाई. नाव यंत्रावर तसंच ऱ्हातंय. आता तर लोक रडून रडून त्यांनाच मत देतील. मी मेलो ताई, ते न्हाई मेले."

तनुजाने दुसऱ्या दिवशी तहसीलीत विचारलं. नियम तसाच होता. निवडणूक शाखेतल्या अधिकाऱ्याने आणखी एक गोष्ट सहज सांगितली. सिद्रामप्पांनी अर्जात पहिली पसंती शिट्टीला दिली होती. दुसऱ्याही एका अपक्षाने शिट्टीच मागितली. तीन वाजल्यानंतर चिठ्ठ्या टाकल्या, शिट्टी त्याला गेली, सिद्रामप्पांची पुढची पसंतीही आधीच वाटली गेली होती, म्हणून शेवटी शिलाई मशीन मिळालं. सही मृत्युंजयने केली.

"चेहरा कसा होता त्याचा?" तिने विचारलं.

"घाम फुटलेला. आम्हाला वाटलं, धावपळीचा."

परतताना ती अमृतरावांच्या बोलण्यावर विचार करत राहिली. आतापर्यंत सगळे एकच प्रश्न विचारत होते, सिद्रामप्पांनी बसावं असं कुणाला वाटत होतं? प्रश्नच उलटा होता. त्यांनी बसू नये असं कुणाला वाटत होतं? आणि तसं वाटण्यासाठी आधी सिद्रामप्पांनी बसायचं ठरवलेलं असायला हवं होतं.

४

गुरम्मांच्या घरी ती दोनदा गेली. पहिल्यांदा त्या काही बोलल्याच नाहीत. दुसऱ्यांदा उन्हं चढल्यावर गेली, तेव्हा त्या एकट्याच ओसरीत बसल्या होत्या, हातात नवऱ्याचं उपरणं घेऊन.

भिंतीवर एका मुलीचा फोटो होता. दोन वेण्या, हसताना पुढे आलेला दात.

"आमची सुकन्या," गुरम्मा म्हणाल्या. "मृत्युंजयची बहीन. लातूरला शिकायला ठेवली व्हती, अमृतरावाच्या वसतिगृहात. कूलरला हात लावला अन् चिकटली. वायर उघडीच व्हती, म्हनं पोरींनी चारदा सांगितल्तं. केस झाली, मिटली. त्याच्यासाठीच उभे ऱ्हायले ह्ये. न्हाईतर यांना कुटलं आलंय राजकारन!"

रस्त्यावरून रिक्षा गेली. "मी हाय. तुमच्यापुढंच हाय." गुरम्मांनी डोळे मिटले. आवाज पार लांब जाईपर्यंत त्या श्वास रोखून बसल्या.

"रोज येतंय," त्या म्हणाल्या. "सकाळी भाकर टाकताना येतंय. मी उठते, दारात जाते. दोन पानं वाढून ठेवते अन् मग ध्यानात येतंय. पोरगा मला म्हनतो, मामी, ऐकू दे लोकांना. मी त्याला काय सांगू?"

"अव्वा," तनुजा हळू आवाजात म्हणाली, "अप्पा त्या सकाळी इस्त्रीचे कपडे घालून कुठं निघाले होते?"

गुरम्मांनी उपरण्याची घडी उलगडली, पुन्हा घातली. "कुनाला सांगनार न्हाईस?"

"सांगावं लागेल."

"मग सांग. आदल्या दिशी म्या बसलिंगप्पाच्या फोनवर बोलले त्यांच्याशी. त्यांचा फोन तर पोरानं ठिवून घेतल्ता. बसलिंगप्पा फोन देऊन बाजूला गेला. म्या म्हनलं, पाय सुजलेत तुमचे, साखर वाढली, छातीत दुखतंय. पोरगी गेली ती गेली, तुमी तरी घरी या. अर्ज काढून घ्या. लई रडले मी. ह्ये म्हनले, बरं गुरम्मा, उद्या मृत्युंजयला सांगतो तहसीलीत सोडायला. माघार घेतो अन् जेवायला घरी येतो." त्यांचा आवाज कोरडा होता. "स्वयंपाक करून ठेवल्ता म्या."

"हे मृत्युंजयला ठाऊक आहे? तुम्ही बोलावलंत हे?"

"न्हाई. कोन्त्या तोंडानं सांगू त्याला? बहिनीसाठी जीव टाकून राहिला तो."

५

दुपारी तनुजाने केरबाची रिक्षा गावाबाहेरच्या पाणंदीत थांबवली आणि रेकॉर्डिंग पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा. आजूबाजूला सोयाबीन काढून झालेली काळी रानं पडली होती. एकही माणूस नव्हता, आणि त्या मोकळ्या रानात मेलेला माणूस बोलत होता.

"मी हाय. तुमच्यापुढंच हाय. माझ्या नावापुढचं बटन दाबा." मग खरखर. मग तरणा, चढा आवाज, "आपली निशाणी शिलाई मशीन! शिलाई मशीन!"

"हा दुसरा आवाज कुणाचा?"

"मृत्युंजयचा. म्याडम, बंद करू का? मला भ्या वाटतंय."

"एकदाच अजून."

तिने डोळे मिटून ऐकलं. जे ऐकू येत होतं ते नव्हे, जे ऐकू येत नव्हतं ते. आणि मग तिला समजलं.

मृत्युंजय गोदामाच्या मागच्या गल्लीत भेटला. तिनेच त्याला तिथे बोलावलं होतं. हिरवं दार लोटलेलं होतं. तो दाराकडे पाठ करून उभा राहिला.

"तुझे मामा तुझ्यासमोर गाडीत बसून बोलले. निशाणी मिळाल्यावर. पेढा भरवून."

"हाव."

"मग त्यांनी शिलाई मशीन हा शब्द एकदाही का उच्चारला नाही?"

त्याने मागे वळून दाराकडे पाहिलं.

"ज्याला नुकतीच निशाणी मिळाली तो उमेदवार दुसरं काय बोलेल? दहा वेळा तेच सांगेल. निशाणी तुझ्या आवाजात आहे, मागून जोडलेली. हे रेकॉर्डिंग आधीचं आहे, लोक 'बसला' म्हणू लागले तेव्हा त्यांना उत्तर म्हणून केलेलं. निशाणी तीन वाजल्यानंतर ठरली, आणि तिचं नाव ऐकायला सिद्रामप्पा नव्हते. संध्याकाळी ते तुझ्या गाडीत नव्हते, मृत्युंजय. ते या खोलीत होते. सकाळपासून."

"बसलिंगप्पानं..."

"बसलिंगप्पा दिवसभर लातूरच्या बाजारात होते, शंभर लोकांनी पाहिलंय. आणि त्यांनी मारलं असतं तर गोळ्यांचं स्वतः सांगितलं नसतं. अमृतरावांच्या माणसांना ही जागा सापडली असती तर त्यांनी अप्पांना उचलून तहसीलीत नेलं असतं, तीनच्या आत. कोंडून नसतं ठेवलं. कोंडून कोण ठेवेल? ज्याला तीन वाजून जायला हवे होते तो. दाराला आतून बुक्क्या मारल्या गेल्या, आणि सकाळी दार उघडं सापडलं. म्हणजे बाहेरून कुणीतरी कडी लावली, आणि त्यानेच नंतर काढली. ही जागा ठाऊक असलेल्यांपैकी त्या दिवशी उदगीरात फक्त तू होतास."

मृत्युंजय भिंतीला टेकून हळूहळू खाली बसला.

"म्या मारलं न्हाई, म्याडम," तो म्हणाला. "म्या कडी लावली."

तनुजा उभीच राहिली.

"म्या गाडी घेऊन मागच्या गल्लीतून आलो. मामा तयार बसल्ते. म्हनले, तहसीलीत सोड, माघार घ्यायची. म्या विचारलं, का? तर नुस्तं म्हनले, बेजार झालो रे. मला कळून चुकलं, अमृतरावानं इकत घेतलं. माझ्या बहिनीच्या मरनाचा सौदा केला! तिचं पहिलं मत व्हतं ह्या सालचं. मुदतीच्या आत म्याच नाव घातल्तं तिचं यादीत. अजून हाय नाव, कमी करायचा अर्ज म्या भरलाच न्हाई." तो हाताने तोंड पुसत होता, पण तोंड कोरडंच होतं. "म्हनलं, फक्त तीनपर्यंत. तीन वाजले की कडी काढतो, पाया पडतो, मारलं तर मार खातो. पुढं शटर बंद, आत गोळ्या हायेत, मला काय ठाव? निशाणी घेऊन पळत आलो, मामा दाराशी पडल्ते. उचलून बाजंवर ठेवलं. डोळे मिटना गेले."

मामांना कुणी बोलावलं होतं, हे त्या क्षणी सांगून टाकता आलं असतं. तनुजाच्या ओठांवर आलं होतं. पण तो सांगण्याचा हक्क आपला नाही, असं तिला वाटलं.

त्या संध्याकाळपासून रिक्षा बंद झाली. तरी शिरसमाळची माणसं पुढचे कितीतरी दिवस दिवेलागणीला रस्त्याकडे कान लावून थांबत.

६

मतदान झालं. कोठडीतल्या माणसाला मत देता येत नाही, त्यामुळे मृत्युंजयचं मत गेलं. मोजणीच्या दिवशी अमृतराव पडले. ते जितक्या मतांनी पडले त्याहून जास्त मतं सिद्रामप्पांना होती. निवडून आलेल्या तिसऱ्याच उमेदवाराने गुलाल उधळला. त्याला हे सगळं का घडलं हे नीटसं माहीतही नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मृत्युंजयला उदगीरच्या कोर्टात आणलं, तेव्हा गुरम्मा आल्या होत्या. बसलिंगप्पांनी त्यांना गाडीतून आणलं, पण ते स्वतः खाली उतरले नाहीत. गोदाम त्यांनी त्या दिवसापासून उघडलं नव्हतं.

"थोडं बोलू दे," गुरम्मांनी तनुजाला विनवलं. तिने शिपायाला जरा लांब व्हायला सांगितलं.

व्हरांड्यातल्या बाकावर दोघं बसली. मृत्युंजयची मान वर होत नव्हती.

"अमृतराव पडला, मामी," तो पुटपुटला.

"ऐकलं."

कोर्टाच्या आवारात वकिलांची ये-जा चालली होती, कोणीतरी कोणालातरी पुकारत होतं.

"ते दारातून काय म्हनत व्हते रे?" गुरम्मांनी विचारलं.

तनुजाला वाटलं, तो सांगणार नाही. पण त्याने सांगितलं.

"आधी माझं नाव घेतलं. मग सुकन्याचं. मग नुस्तं दार वाजवून राहिले. म्या बाहेरच बसल्तो, पायरीवर. वाटलं व्हतं, मोठ्यानं बोलंन, समजावंन. पन बोललो न्हाई. मग ते गप झाले." त्याचा आवाज इतका खाली गेला की तनुजाला पुढे झुकावं लागलं. "मला वाटलं, मामाला पटलं."

गुरम्मांनी पदर तोंडाला लावला. नंतर काढला.

"मृत्युंजया, अमृतरावानं न्हाई बोलावलं त्यास्नी. म्या बोलावलं. फोन केल्ता म्या, आदल्या दिशी. घरी या म्हनून रडले. कुनी इकत घेतलं न्हवतं रे तुज्या मामाला."

त्याने मान वर केली. कितीतरी दिवसांनी पहिल्यांदाच त्याने मामींच्या तोंडाकडे सरळ पाहिलं. मग तो बाकावरून घसरून फरशीवर आला आणि त्याने मामींच्या पायांना मिठी मारली. गुरम्मा तशाच बसून राहिल्या. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही. पण पायही मागे घेतले नाहीत.

शिपायाने त्याला उठवून आत नेलं. गुरम्मा तनुजाचा हात धरून व्हरांड्याच्या पायऱ्या उतरल्या. शेवटच्या पायरीवर त्या थांबल्या.

"बाई," त्यांनी विचारलं, "याची पुढची तारीख कधी हाय? मला यावं लागंल."